न कळलेल्या तासाची दाद

वर्गात शिकविलेले विद्यार्थ्यांना कळत नसेल तर त्याची जबाबदारी कोणाची आणि त्याबद्दल दाद कोठे मागावयाची, हा प्रश्न अध्यापक आपल्याच मुलखातला असतानाही अवघड असतो. परंतु अध्यापक परदेशातून आलेला असला की त्या प्रश्नाला आणखी दोन पदर लागतात. परक्या विद्वत्तेचा दबदबा हा पहिला पदर असून त्यामुळे न कळण्याचा सारा दोष विद्यार्थी मुकाट्याने स्वतःच्या माथी घेतो. परकेपणाविषयीचा आकस हा दुसरा, आणि त्यामुळे अध्यापनातील खऱ्या उणिवेऐवजी अध्यापकाच्या उच्चारावर, वर्णावर किंवा देशावर बोट ठेवले जाते. या दोहोंच्या ओढाताणीत चांगले शिकविले जाण्याचा विद्यार्थ्याचा मूळ हक्क बाजूलाच राहतो. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा अशा तालुक्यांतून मराठी माध्यमात शिकलेली मुले जेथे पदवीच्या पहिल्या वर्षाला येतात, त्या कोल्हापुरात तर या प्रश्नाची धग अधिकच जाणवते.

शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडून मगच त्याला उत्तर देण्याची जी रीत आहे, तिच्या आधाराने पुढील संवाद रचला आहे. त्यातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत : एक, कोल्हापुरात वकिली करणाऱ्या आणि विद्यार्थ्यांची बाजू मांडणाऱ्या बाई, दुसरे, पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. नियमित नेमणुकीवर आलेला, एखाद्या सत्रापुरता पाहुणा म्हणून आलेला आणि परदेशात बसून दूरदृश्य माध्यमातून शिकविणारा, या तिघांचाही समावेश येथे ‘परदेशी अध्यापक’ या संज्ञेत केला आहे.

वकील : सर, विद्यार्थी प्रवेश घेतो तेव्हा संस्था त्याला पदवीचे आणि त्या पदवीसाठी लागणाऱ्या अध्यापनाचे, असे दुहेरी आश्वासन देते, पण परीक्षा होते ती एकट्या विद्यार्थ्याची. पहिल्या वर्षाच्या एखाद्या वर्गाचे चित्र पाहा. अध्यापक फळ्याकडे तोंड करून वेगाने इंग्रजीत बोलत समीकरणे सोडवीत जातो आणि मुले फळ्यावरचे सारे वहीत उतरवून घेतात. परंतु चौथ्या ओळीवरून पाचवी ओळ कशी आली ते वहीत येत नाही, कारण ते तोंडी सांगितले गेले आणि नेमके तेच कानावरून गेले. एखादीला शंका विचारायची असते, पण ती इंग्रजीत मांडावी कशी या विवंचनेत असतानाच फळा पुसला जातो. तास संपल्यावर मागच्या बाकांवर ‘सगळं डोक्यावरून गेलं’ एवढेच वाक्य ऐकू येते, आणि संध्याकाळी तोच भाग खासगी शिकवणीत पुन्हा पैसे मोजून शिकावा लागतो. ज्याच्या घरी ते पैसे नाहीत, त्याने काय करावे?

प्राध्यापक : चित्र खरे आहे, वकीलबाई, पण त्यात परदेशीपण कोठे आहे? फळ्याकडे तोंड करून बोलणारे अध्यापक करवीर तालुक्यात जन्मलेलेही पुष्कळ निघतील. त्यांच्याविरुद्ध अर्ज येत नाही आणि परक्याविरुद्ध लगेच येतो, याचे कारण शोधले पाहिजे. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात डोनाल्ड रुबिन या संशोधकाने केलेला आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे फार बोलका आहे. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकविण्यात आले. आवाज एकाच स्त्रीचा, इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकन स्त्रीचा होता. ऐकताना एका गटासमोर गौरवर्णीय स्त्रीचे छायाचित्र ठेवले होते आणि दुसऱ्या गटासमोर आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचे. दुसऱ्या गटातील विद्यार्थ्यांना त्या आवाजात परका हेल ऐकू आला, आणि विशेष म्हणजे व्याख्यानातील आशयही त्यांच्या ध्यानात कमी राहिला. जो हेल मुळात नव्हताच तो डोळ्यांनी कानांना ऐकविला. अशा वेळी ‘कळत नाही’ ही तक्रार अध्यापकाविषयी काही सांगते की ऐकणाऱ्याविषयी?

वकील : दोघांविषयीही सांगते. त्या प्रयोगातून पूर्वग्रह सिद्ध होतो, परंतु प्रत्येक तक्रार पूर्वग्रहातूनच उपजते असे त्यातून सिद्ध होत नाही. अमेरिकेतच अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, परदेशात जन्मलेल्या साहाय्यक अध्यापकांच्या हाताखालील विद्यार्थ्यांच्या श्रेणींवर अनिष्ट परिणाम झाल्याचे दाखविले आहे. तो अभ्यास एका विद्यापीठापुरता, एका विषयापुरता आहे हे मान्य. पण विद्यार्थ्यांचे नुकसान केवळ कल्पनेतले आहे असे म्हणण्यास तो वाव ठेवत नाही.

प्राध्यापक : त्याला जोडूनच ओहायो स्टेट विद्यापीठातील २००२ चा अभ्यास वाचला पाहिजे. तेथे परदेशी साहाय्यक अध्यापकांची भाषेची चाचणी होते, आवश्यक त्यांना प्रशिक्षण मिळते आणि मगच त्यांना वर्गावर पाठविले जाते. असे तयार केलेले परदेशी अध्यापक विद्यार्थ्यांच्या यशाच्या बाबतीत स्थानिकांपेक्षा उणे ठरले नाहीत, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. म्हणजे फरक पडतो तो जन्मस्थानाने नव्हे, तर वर्गावर पाठविण्याआधी संस्थेने घेतलेल्या मेहनतीने.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की वादाचा रोख व्यक्तीकडून संस्थेकडे वळतो, आणि तो तसा वळणे योग्य आहे. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाने हीच गोष्ट फार पूर्वी आणि अधिक वेदनादायक रीतीने शिकविलेली आहे.

वकील : परकी विद्वत्ता म्हणजे चांगले अध्यापन, हे समीकरण आपल्याकडे सरकारनेच रूढ केले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतच्या प्राध्यापकाच्या जागी हंगामी काम पाहत होते. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या संस्कृतच्या पाठ्यपुस्तकांवर पुढे कित्येक पिढ्या शिकल्या. तरीही १८७० च्या दशकाच्या आरंभी ती जागा कायम भरण्याची वेळ आली तेव्हा ती ब्रिटनमधून आलेल्या पीटर पीटरसन यांना देण्यात आली आणि भांडारकरांना त्यांच्या हाताखाली काम करावे लागले. भांडारकरांवर अन्याय झाला हे सगळेच सांगतात, पण त्या वर्गातील विद्यार्थ्यांना कोणता अध्यापक अधिक चांगला शिकवितो, हे विचारावे असे कोणालाही वाटले नाही, हे कोणी सांगत नाही. पुढे १८९६ मध्ये शिक्षण खात्याची जी पुनर्रचना झाली तिने तर विलायतेत भरती होणाऱ्यांची सेवा वरची आणि हिंदुस्थानात भरती होणाऱ्यांची खालची, अशी उतरंडच लावून दिली.

प्राध्यापक : अन्याय झाला, यात शंका नाही. पण इतिहास सांगायचा तर पुरता सांगितला पाहिजे. भांडारकर ज्यांच्या जागी हंगामी काम पाहत होते ते ब्यूलर जर्मन होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविणारे, व्याकरण-महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे कीलहॉर्नही जर्मनच होते. खुद्द पीटरसन यांनी पुढे हस्तलिखितांच्या शोधाचे जे अहवाल लिहिले त्यांचे मोल आजही मानले जाते. आणि कोल्हापूरचेच उदाहरण घ्यायचे तर १८८० मध्ये महाविद्यालय म्हणून उभ्या राहिलेल्या, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ जेथे झाला त्या राजाराम कॉलेजचे घ्यावे लागेल. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये हे महाविद्यालय आर्य समाजाकडे सोपविले, आणि त्यानंतर डॉ. बाळकृष्ण प्राचार्य म्हणून आले. ते मुलतानकडचे, मराठी ही त्यांची भाषा नव्हे, शिक्षण गुरुकुल कांगडीशी आणि लंडनशी जोडलेले. कोल्हापूरच्या मुलांच्या दृष्टीने ते परमुलखातलेच होते. तरीही त्यांच्या काळात माधव जूलियन, ना. सी. फडके यांच्यासारख्यांचे अध्यापन त्या वास्तूत घडले आणि स्वतः डॉ. बाळकृष्णांनी शिवछत्रपतींचे इंग्रजी चरित्र अनेक भागांत लिहिले. पुढे कन्नड कवी वि. कृ. गोकाक हेही तेथे प्राचार्य होते. दुसऱ्याच भाषेत वाढलेल्या माणसाला या शहराने परके मानले नाही.

वकील : त्यांना परके मानले नाही, कारण ते येथे राहिले. डॉ. बाळकृष्णांचे निधन १९४० मध्ये झाले, म्हणजे त्यांनी आयुष्याची जवळजवळ अठरा वर्षे या संस्थेला दिली. एवढ्या काळात अध्यापकाला मुलांची भाषा, त्यांची तयारी, त्यांची भीती कळते. आजचा परदेशी पाहुणा सहा महिन्यांसाठी येतो, कधी दोन आठवड्यांसाठी येतो, कधी केवळ पडद्यावर येतो. तो रुळेपर्यंत सत्र संपलेले असते. त्याला रुळण्यासाठी वेळ दिला पाहिजे हे माणुसकीला धरून आहे, पण तो वेळ कोणाच्या खात्यातून द्यायचा? अध्यापकाला पुढचे सत्र मिळते, त्या तुकडीला ते सत्र पुन्हा मिळत नाही.

या युक्तिवादाला प्राध्यापकांकडे सरळ उत्तर नाही, आणि ते असूही शकत नाही. नवशिक्या अध्यापकाने वर्गावर शिकत जावे ही रीत सर्वत्र आहे व ती टाळता येणार नाही. परंतु त्या शिकण्याची सारी किंमत एकाच तुकडीच्या विद्यार्थ्यांनी, त्यांतही ज्यांना घरून किंवा शिकवणीतून आधार नाही अशांनी मोजावी, हे कोणत्याही न्यायाला धरून नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. शिक्षणातील कसुरीला परिणाम असतो हे तत्त्व या भूमीत शंभर वर्षांहून जुने आहे. संस्थेच्या कसुरीलाही तेच लागू व्हावे, एवढाच विद्यार्थिपक्षाचा आग्रह आहे.

प्राध्यापक : मग वकीलबाईंच्या मते विद्यार्थ्याने ग्राहक मंचात जावे काय? शुल्क दिले, माल निकृष्ट निघाला, भरपाई द्या, असे म्हणावे? शिक्षण हा असा व्यवहार झाला तर कठीण विषय शिकविणारा प्रत्येक अध्यापक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील आणि सोपे गुण देणारा निर्दोष सुटेल.

वकील : नाही, आणि कायदाही त्या बाजूने नाही. पी. टी. कोशी प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण ही विक्रीची वस्तू नाही, अशी भूमिका घेतली. २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानेही शिक्षणसंस्थांचे शैक्षणिक कामकाज ग्राहक कायद्याबाहेर ठेवले. उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून ते जवळही आले आहे. पण वर्गात काय व कसे शिकविले जाते यात न्यायालये सहसा हात घालत नाहीत, आणि तेच बरे. उपाय आहे तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांत. प्रवेशाच्या वेळी आश्वासन दिले तसे दर्जेदार शिक्षण न मिळणे, ही त्यात स्पष्टपणे तक्रारीची बाब मानली आहे. संस्थेत अध्यापकांची बनलेली विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिच्यावर एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो, आणि समितीच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर लोकपालाकडे, म्हणजे विद्यापीठाने नेमलेल्या निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशा त्रयस्थ व्यक्तीकडे अपील करता येते. हा विनियम अध्यापकाचे पारपत्र पाहत नाही.

प्राध्यापक : विनियम चांगला आहे, पण तक्रार लिहिणारे हात कोणते, यावर सारे अवलंबून आहे. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याच्या विधिमंडळात २००५ मध्ये एक विधेयक आले होते : वर्गातील दहा टक्के विद्यार्थ्यांनी अध्यापकाचे इंग्रजी कळत नाही असे लेखी दिले की त्या अध्यापकाला अध्यापनातून काढून दुसरे काम द्यावे. ते मूळ रूपात टिकले नाही, पण ते टिकले असते तर त्याचा फटका कोणाला बसला असता? कोल्हापूर-सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन उच्च शिक्षणासाठी तिकडे गेलेली, आणि शिष्यवृत्तीच्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांचे तास घेणारी मुले-मुली अशाच दहा टक्क्यांच्या दयेवर राहिली असती. तीस मुलांच्या वर्गात तिघांना कंटाळा आला की काम संपले. आपल्या मुलांसाठी तिकडे जो नियम जाचक वाटतो, तो येथे दुसऱ्याच्या मुलाला लावता येणार नाही.

वकील : हा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, सर. म्हणूनच तक्रार लिहिण्याची रीत ठरली पाहिजे. ‘यांचे इंग्रजी समजत नाही’ ही तक्रार नव्हे, तो शेरा आहे. कोणत्या तारखेच्या तासाला अभ्यासक्रमातील कोणता घटक होता, त्यातील कोणती पायरी कळली नाही, ती पुन्हा विचारली असता काय उत्तर मिळाले, टिपणे किंवा संदर्भ दिले होते की नाही, नेमून दिलेला भाग किती मागे पडला आहे : एवढे लिहिले की ते स्थानिक अध्यापकाविषयीही तसेच लिहिता येते, आणि ज्या अर्जातून अध्यापकाचा देश पूर्णपणे काढून टाकला तरी अर्जाचे बळ कमी होत नाही, तोच अर्ज खरा. उच्चाराचा उल्लेखच करू नये असे नाही. परंतु तो उपायासह करावा. व्याख्यानाआधी छापील टिपण द्या, महत्त्वाची पदे फळ्यावर लिहा, दहा मिनिटे मराठीत शंका विचारण्याची मुभा ठेवा आणि त्या शंका इंग्रजीत पोहोचविण्यासाठी विभागातील एक अध्यापक वर्गात बसवा, असे मागता येते.

वकीलबाईंनी येथे सांगितलेली कसोटी या संवादातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. अध्यापकाचा देश पुसून टाकल्यावरही उभी राहणारी तक्रार दबदब्याला भीत नाही आणि आकसाला थारा देत नाही. विद्यार्थ्यांनी अशी तक्रार लिहावयास शिकणे हेही शिक्षणच आहे, कारण आपल्याला नेमके काय कळले नाही हे सांगता येण्यासाठी विषय अर्धा तरी धुंडाळावा लागतो.

प्राध्यापक : अशा तक्रारीचे स्वागत कोणताही प्रामाणिक अध्यापक करील. पण मग तिचे उत्तर देण्याचे काम एकट्या परदेशी अध्यापकावर टाकू नये. त्याला येथे बोलावले कोणी? माहितीपत्रकात त्याचे नाव आणि छायाचित्र छापून प्रवेश कोणी मिळविले? पहिल्या वर्षाची मुले कोणत्या माध्यमातून आली आहेत, हे त्याला कोणी सांगितले होते काय? आपल्या विद्यापीठांत जेव्हा एखादा पाहुणा फसतो तेव्हा विभाग हात झटकतो, ‘मोठा माणूस आहे, जमवून घ्या’ असे मुलांना सांगतो आणि त्या माणसालाही एकटे पाडतो. हा दुहेरी अपराध आहे.

वकील : म्हणजे प्रतिवादी संस्था, अध्यापक नव्हे. तेवढ्यावर एकमत झाले तर बाकीचे भांडण फारसे उरत नाही.

तरीही एक अडचण उरते, आणि ती वेळेची आहे. २०२३ च्या विनियमांनुसार तक्रार निवारण समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, त्यानंतर पंधरा दिवसांत विद्यार्थ्याने अपील करावे आणि लोकपालाने तीस दिवसांत ते निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, अशी रचना आहे. तीन आठवडे, दोन आठवडे आणि चार आठवडे धरले तर सगळे मिळून नऊ आठवडे होतात. सत्रातील अध्यापन साधारण पंधरा आठवड्यांचे असते. सहाव्या आठवड्यात दिलेल्या तक्रारीचा शेवटचा निकाल हाती येईल तेव्हा परीक्षेचे वेळापत्रक लागलेले असेल. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या म्हणजे नॅकच्या मूल्यांकनासाठी विद्यार्थ्यांकडून जी समाधान-पाहणी भरून घेतली जाते, तिचा लाभ झालाच तर पुढच्या तुकडीला होतो. ज्या तुकडीचा तास बुडाला तिच्यासाठी या दोन्ही यंत्रणांत वेळेवर येणारी दाद नाही.

प्रश्न केवळ आजच्या थोड्या पाहुण्यांचा असता तर तो लांबणीवर टाकता आला असता. परंतु भारतात परदेशी विद्यापीठांनी शाखा उघडण्याविषयीचे विनियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये केले, आणि २०२५ मध्ये मुंबई-नवी मुंबई परिसरात यॉर्क, ब्रिस्टल, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया अशा विद्यापीठांना त्यासाठी इरादापत्रे मिळाली. त्या विनियमांत येथील अध्यापकांची पात्रता मूळ विद्यापीठाच्या तोडीची असावी, आणि परदेशी अध्यापकाने किमान एक सत्र येथे राहावे, अशा अटी आहेत. दुसरी अट फार शहाणपणाची आहे. पाहुणेपणाची अस्थिरता तिने थोडी कमी होते. पात्रता मात्र शोधनिबंधांनी आणि पदव्यांनी मोजली जाते, आणि या दोहोंचा वर्गातील पाचव्या ओळीशी थेट संबंध नाही.

यासाठी लागणारे काम महाविद्यालयांच्या हातातले आहे, त्याला नव्या कायद्याची गरज नाही. परदेशी वा स्थानिक, कोणत्याही अध्यापकाची नेमणूक पक्की करण्यापूर्वी त्याने पहिल्या वर्षाच्या खऱ्या विद्यार्थ्यांसमोर एक तास घ्यावा, आणि तासाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी काय कळले ते पाच ओळींत, हव्या त्या भाषेत लिहून द्यावे. सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात विभागप्रमुखांनी वर्गाशी अध्यापकाच्या अनुपस्थितीत बोलावे, निघालेल्या अडचणी त्याच आठवड्यात अध्यापकाशी बसून सोडवाव्यात आणि बुडालेल्या घटकांचे जादा तास संस्थेच्या खर्चाने लावावेत. कोल्हापुरातील महाविद्यालयांनी आणि शिवाजी विद्यापीठाच्या विभागांनी येत्या शैक्षणिक वर्षाच्या नेमणूकपत्रांत आणि माहितीपत्रकांत ही कलमे छापावीत, आणि विद्यार्थ्यांनी प्रवेश घेताना ती आहेत की नाहीत हे विचारावे.